चालते करणारी सिस्टर केनी

ऑस्ट्रेलिया म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे मेंढ्यांचे कळप, कांगारू आणि अलीकडे क्रिकेट एवढेच उभे राहते. त्याच देशातील एका शेतकऱ्याच्या मुलीने, हाती वैद्यकाची कसलीही पदवी नसताना, पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांच्या उपचाराची रीतच पालटून टाकली. तिचे नाव एलिझाबेथ केनी. एके काळी हे नाव अमेरिकेत घरोघर ठाऊक होते. आपल्या मंडळातील तरुण भगिनींनी ते ऐकलेले असण्याचा संभव कमी, म्हणून स्मरणिकेच्या या पानांत तिची हकीकत सांगण्याचे मी ठरविले.

एलिझाबेथचा जन्म २० सप्टेंबर १८८० रोजी न्यू साउथ वेल्स प्रांतातील वॉरिआल्डा या गावी झाला. वडील आयर्लंडहून आलेले. पुढे हे कुटुंब क्वीन्सलँडमधील नॉबी या खेड्याच्या आसपास स्थिरावले. शाळेचे शिक्षण बेताचेच. मोठ्या घरांतल्या मुलींना मिळते तसे वळणही नाही, पण घोड्यावर बसण्यात मात्र पटाईत. त्या घोड्यावरूनच ती एकदा पडली आणि तिचे मनगट मोडले. टुवूंबा शहरातले डॉक्टर एनियस मॅकडॉनेल यांच्याकडे तिला नेले. हात बरा होईतो तिने त्यांची शरीरशास्त्राची पुस्तके वाचून काढली आणि त्यांच्याकडील हाडांच्या सापळ्यावरून कोणता स्नायू कोठे सुरू होतो, कोठे चिकटतो आणि काय हलवितो याचा अभ्यास केला. मोडलेल्या मनगटाने एवढा लाभ क्वचितच कोणाला करून दिला असेल!

परिचारिकेची परीक्षा तिने कधीच दिली नाही. रीतसर शिक्षण नव्हतेच. पण नॉबीच्या परिसरात डॉक्टर मैलोगणती लांब, बाळंतपणे आणि अपघात मात्र दाराशी. तेव्हा ती घोड्यावरून घरोघर जाऊन शुश्रूषा करू लागली, आणि पैसे मागत नसे. असल्या कामासाठी आपल्याकडे सुईणबाई असत. तिला सुईण म्हणावे, वैद्य म्हणावे की काय म्हणावे, हा प्रश्न पुढे जन्मभर मोठमोठ्या डॉक्टरांना पडला होता.

१९११ सालची गोष्ट तिने स्वतः सांगितलेली आहे. तिच्या तपशिलाबद्दल मागाहून चरित्रकारांनी शंका काढल्या आहेत, हेही सांगून ठेवते. एका दूरच्या झोपडीत दोन वर्षांची मुलगी वेदनेने तळमळत होती. हातपाय आखडून वाकडे झालेले, कोणी हात लावला तरी किंचाळे. एलिझाबेथने मॅकडॉनेल यांना तार केली. उत्तर आले की हा बालपक्षाघात आहे, याला औषध नाही, समोर जी लक्षणे दिसतील त्यांवर सुचेल तो इलाज करावा. तिने आधी मिठाची पुरचुंडी तापवून शेकले, मग जवसाचे पोटीस बांधून पाहिले. गुण येईना. शेवटी लोकरीच्या मऊ घोंगडीच्या पट्ट्या फाडल्या, उकळत्या पाण्यात बुडवून घट्ट पिळल्या आणि आखडलेल्या स्नायूंवर गुंडाळल्या. मुलगी शांत झोपली. मग स्नायू सैल पडल्यावर तिने एकेक अवयव हळूहळू हलवायला आरंभ केला. पाय वाकडे करणारा स्नायू आखडलेला आहे, एवढेच तिला दिसत होते, आणि जे दिसले त्यावर तिने इलाज केला. लुळ्या पायाला फळ्यांत आणि प्लॅस्टरमध्ये महिनोन्‌महिने जखडून ठेवायचे असते, हे तिला कोणी शिकविलेलेच नव्हते.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ती सैन्यात परिचारिका म्हणून गेली. जखमी शिपायांना मायदेशी नेणाऱ्या जहाजांवर तिची नेमणूक असे. १९१७ साली तिला सिस्टर हा हुद्दा मिळाला. सिस्टर म्हटल्यावर पुष्कळांना मठातली जोगीण वाटते. तसे नव्हे, हा लष्करी परिचारिकेचा हुद्दा होता, आणि केनीबाईंनी तो मरेपर्यंत अभिमानाने मिरविला. १९२७ साली त्यांनी जखमी माणसाला धक्के न बसता नेता येईल अशा एका स्ट्रेचरचे पेटंट घेतले. शेतावर अपघात झालेल्या सिल्व्हिया नावाच्या मुलीवरून त्याला सिल्व्हिया स्ट्रेचर हे नाव दिले. त्याच्या उत्पन्नावर त्यांचा चरितार्थ बराच चालला. लग्न केले नाही. मेरी नावाची आठ वर्षांची एक मुलगी दत्तक घेतली, आणि हीच मेरी पुढे त्यांची उजवी बाजू झाली.

आता त्यांच्या उपचाराविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण हा विषय मला परका नाही. मला पोलिओ झाला तो १९५८ साली, अडीच वर्षांची असताना. डावा पाय गेला. जवळच्या शहरातील एका डॉक्टरांनी मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर घातले, आणि ते काढले तेव्हा पाय काठीसारखा बारीक आणि गुडघ्यात ताठ झालेला होता, असे आई सांगे. त्यानंतर मुंबईला नेले. तेथील बाईंनी आईला लोकरीचे शेक शिकविले. घरातली जुनी घोंगडी फाडून आई दिवसातून चार वेळा पट्ट्या उकळी. त्या ओल्या लोकरीचा वास मला अजून कोणत्याही गर्दीत ओळखता येईल.

लोकरच का, असे कोणीही विचारील. सुती कापड पाणी धरून ठेवते व भाजते. लोकर घट्ट पिळली, तीही दोनदा, की पाणी निघून जाते व उष्णता मात्र राहते. पट्टी सांध्यावर घालायची नाही, सांधा मोकळा ठेवायचा. वरून पाणी न झिरपणारे कापड, त्यावर कोरडी लोकर. हा झाला शेक, परंतु शेक ही निम्मीच गोष्ट. आखडलेपणा गेला की मुलाला त्याच्याच स्नायूची पुन्हा ओळख करून द्यायची. उपचार करणारी बाई पाय सावकाश हलविते आणि हा स्नायू जेथे हाडाला चिकटतो तेथे बोट ठेवून मुलाला तिकडे सगळे लक्ष द्यायला सांगते. मुलाने जोर करायचा नाही. जोर केला की शेजारचा धडधाकट स्नायू लुडबुड करतो आणि चाल कायमची वेडीवाकडी होते. खाटेच्या पायथ्याला गादीपासून थोडे अंतर सोडून एक उभी फळी असे. मूल निजल्या निजल्या त्या फळीवर तळवे टेकून राही, म्हणजे उभे राहण्याची पायांची सवय मोडत नसे. किती साधी गोष्ट!

१९३२ च्या सुमारास टाउन्सव्हिल येथे केनीबाईंनी उपचार केंद्र सुरू केले. पालकांची रीघ लागली, तेव्हा क्वीन्सलँड सरकारनेही पाठबळ दिले. डॉक्टरवर्ग मात्र खवळला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १९३८ साली त्याचा अहवाल आला. मुलांना फळ्यांतून मोकळे करणे ही घोर चूक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. दुसरी एखादी घरी बसली असती. केनीबाईंनी दवाखाने चालूच ठेवले, आणि १९४० साली, साठीला टेकल्या असताना, मेरीला घेऊन अमेरिकेचे जहाज पकडले.

तेथेही पहिल्याने दारे बंदच मिळाली. अखेर मिनिॲपोलिस येथील कोल, नॅप आणि पोल या तीन डॉक्टरांनी त्यांना रोगी दाखविण्याचे धाडस केले. मला या तिघांचे फार कौतुक वाटते. पदवी नसलेल्या, परदेशी, फटकळ बाईचे हात मुलाच्या पायावर कसे चालतात ते त्यांनी उभे राहून पाहिले, आणि जे पाहिले ते वैद्यकाच्या मासिकात लिहिले. १९४२ च्या डिसेंबरात तेथे केनी इन्स्टिट्यूट उघडले. प्लॅस्टर आणि फळ्या वॉर्डांतून हळूहळू नाहीशा झाल्या. १९४६ मध्ये त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, त्यात रोझलिंड रसेल या नटीने त्यांची भूमिका केली. १९५० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने त्यांना परवान्यावाचून देशात ये-जा करण्याची मुभा दिली.

त्यांना देवी करून ठेवण्याची माझी इच्छा नाही. स्वभाव तापट, बोलणे करडे, टीका सहन होत नसे. आपल्या यशाचे आकडेही त्या फुगवून सांगत, असे विरोधक म्हणत, आणि त्यात तथ्य असावे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रोगाविषयीची त्यांची मीमांसा चुकीची होती. पोलिओचा मूळ बिघाड स्नायूंत आहे असे त्या म्हणत. वास्तविक तो विषाणू पाठीच्या कण्यातील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो, आणि मेलेली पेशी कोणत्याही शेकाने परत येत नाही. म्हणून सर्वच मुले काही चालू लागली नाहीत. पण ज्यांच्या थोड्या पेशी शिल्लक होत्या त्यांचे दुखणे कमी झाले, सांधे आखडले नाहीत, आणि उरलेल्या बळाचा उपयोग करता आला. कारण चुकीचे आणि कृती बरोबर, असे आपल्या स्वयंपाकघरातही कितीदा घडते!

मला त्याचाच लाभ झाला. माझा पाय बारीकच राहिला, परंतु गुडघा वाकू लागला, आणि कॅलिपर घालून मी शाळेत गेले, नोकरी केली, दोन मुले वाढविली. साठी उलटल्यावर मात्र त्याच पायात नवी अशक्तता आली, आणि चांगल्या पायातही. डॉक्टरांनी सांगितले की पोलिओनंतर कित्येक वर्षांनी असे होऊ शकते. उरलेल्या पेशींनी आयुष्यभर दुप्पट काम केलेले असते, त्या थकतात. यावर दमेपर्यंत व्यायाम करणे हा उपाय नव्हे. काम वाटून करावे, मध्ये बसावे, काठी घेण्यात कमीपणा मानू नये. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी प्रथम काठी घेऊन आले, तेव्हा शेजारणी माझ्याकडे न पाहता काठीकडे पाहत होत्या. आता त्यांतल्याच दोघी काठी घेऊन येतात.

साल्क यांची लस परिणामकारक असल्याचे १२ एप्रिल १९५५ रोजी जाहीर झाले. ते पाहायला केनीबाई नव्हत्या. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम निघाली, आणि आपल्यापैकी कितीतरी जणींनी रविवारी सकाळी केंद्रावर बसून शेकडो बाळांच्या तोंडात थेंब घातले. जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडलेली दोन वर्षांची मुलगी ही विषाणूच्या नैसर्गिक जातीने आजारी पडलेली भारतातील शेवटची रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला.

केनीबाई १९५१ मध्ये टुवूंबाला परतल्या. तोवर त्यांना कंपवाताने, म्हणजे पार्किन्सनच्या रोगाने, गाठले होते. दुसऱ्यांची पावले बसविणाऱ्या बाईंचे स्वतःचे हातपाय हुकमात राहिले नाहीत. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी त्यांचे निधन झाले, आणि नॉबीच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. मिनिॲपोलिसची संस्था आजही चालू आहे. पोलिओची मुले तेथे आता येत नाहीत. मेंदूतील रक्तस्रावाने एक बाजू गेलेली मोठी माणसे आणि कण्याला इजा झालेले तरुण तेथे पुन्हा पाऊल टाकायला शिकतात.