दान, किताब आणि जमशेटजी

मुंबईत माहीमहून जाणाऱ्या एका हमरस्त्याला लेडी जमशेटजी यांचे नाव आहे. या बाईंचे खरे नाव आवाबाई. माहीमची खाडी होडीने ओलांडताना दरवर्षी माणसे बुडत असत. तेथे बांध घालण्यास सरकार पैसा देईना, तेव्हा आवाबाईंनी 1 लाख 57 हजार रुपये काढून दिले. ये-जा करणाऱ्यांकडून जकात घेऊ नये, एवढीच अट होती. 1845 मध्ये मार्ग खुला झाला. मात्र रस्त्यावर राहिले ते आवाबाई हे नाव नव्हे, तर पतीला मिळालेल्या किताबाचे नाव. दानाला बक्षीस मिळाले की दात्याचे काय होते, हा प्रश्न या पाटीपाशीच सुरू होतो.

सर जमशेटजी जीजीभॉय यांचा जन्म 1783 चा. लहान वयातच आईवडिलांचे छत्र हरपले. मामा रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करीत. त्यांच्याकडे उमेदवारी केल्यामुळे बाटलीवाला हे नाव त्यांना चिकटले. याच मामांची कन्या आवाबाई त्यांची पत्नी झाली. पुढे त्यांनी चीनच्या सफरी केल्या. 1805 च्या सफरीत फ्रेंचांनी जहाज पकडले आणि त्यांना सारे गमावून केप ऑफ गुड होपला उतरावे लागले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन यांची ओळख झाली व ती आयुष्यभर टिकली.

या ओळखीतून वाढलेल्या व्यापारात कापूस होता, तशी अफूही होती. इंदूर-उज्जैनच्या माळव्यातील अफू कंपनी सरकारचा अडसर चुकवून पोर्तुगीजांच्या दमणमार्गे चीनकडे जाई. या उद्योगात जमशेटजींचे भागीदार होते गोमंतकीय व्यापारी रोजेरियो द फारिया. धर्मादायाच्या थैलीत आलेल्या पैशाचा एक उगम हा होता आणि तो विसरून चालणार नाही.

1822 मध्ये जमशेटजींनी मुंबईच्या दिवाणी तुरुंगातील गरीब कैद्यांची कर्जे फेडून त्यांना सोडविले. तेव्हा भारतीयाला सर ही पदवी मिळण्याची प्रथाच नव्हती, म्हणून त्या दानामागे किताबाचा लोभ शोधता येत नाही. पुढे रुग्णालयासाठी 1 लाख रुपये देताना सरकारनेही तेवढीच रक्कम घालावी, अशी अट त्यांनी ठेवली. 1843 मध्ये त्याची पायाभरणी झाली.

1842 मध्ये ते नाइट झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी पहिले अफूयुद्ध संपले. 1857 मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब आला. त्याची शान राखण्यासाठी मालमत्ता विश्वस्त निधीत बांधून ठेवणारा कायदा 1860 मध्ये झाला आणि किताब धारण करणाऱ्या प्रत्येक वारसाने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यावे असे ठरले. जमशेटजी मात्र 1859 मध्येच निवर्तले होते.

सरकारच्या दृष्टीने किताब हा स्वस्त सौदा होता. रुग्णालये, शाळा, रस्ते उभे राहत आणि दाता राजनिष्ठेने बांधला जाई. पुढे कावसजी जहांगीर, दिनशा पेटिट यांच्यासारख्या दात्यांनाही किताब मिळाले. दातृत्वाला प्रतिष्ठेची वाट मिळाली, हे त्यातले भले. ज्या गरजांना प्रतिष्ठा नाही त्या मागे पडण्याची भीती, हे त्यातले वाईट.

अशा दानाचे मोल ठरविताना अटीचे फळ कोणाच्या पदरात पडते, हे पाहावे. जकातमाफीचे फळ वाटसरूला मिळाले, सरकारी 1 लाखाचे रुग्णाला. किताबाचे फळ घराण्याला आणि सरकारला मिळाले. माळव्याच्या अफूने चीनमध्ये ज्यांची घरे बुडाली, त्यांच्यापर्यंत यातले काहीच पोहोचले नाही. रुग्णालयाबद्दल कृतज्ञ राहतानाही हा हिशेब अपुराच राहतो. तो किताबाने पुरा होत नाही.