कॉर्बेटचे बूट

आमच्या मनीषनगरच्या ग्रुपचं पचमढीला जायचं ठरलं की पहिला वाद बुटांवरून. जाडजूड, वजनदार बूट म्हणजेच दणकट, असं सगळ्यांना वाटतं. मला तेव्हा जिम कॉर्बेट आठवतो.

१८७५ साली नैनितालला जन्मलेला हा माणूस लहानपणी कालाढुंगीच्या जंगलात अनवाणी हिंडायचा. पुढे रेल्वेच्या कामाला लागला, मोकामा घाटावर वीसेक वर्षं मालाची चढ-उतार सांभाळली. सुट्टी काढून नरभक्षकांच्या मागावर जायचा. १९०७ मध्ये त्याने चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते!

कुमाऊंचे डोंगर म्हणजे दगड, घसरण, पाचोळा. तरी कॉर्बेटच्या पायात पातळ रबरी तळव्याचे बूट असायचे. खिळे मारलेला तळवा दगडावर वाजतो, आणि नरभक्षकाला चाहूल लागली की शिकार कोणाची होणार ते सांगता येत नाही. पातळ तळव्याखाली काटकी आली तर ती मोडायच्या आधी पायाला कळते. (काटाही कळतो, ते वेगळं!) पण असा बूट पायाला घट्ट बसायला हवा, सैल बूट उतारावर बोटं सोलून काढतो. मी भोगलंय.

पुढे त्याने बंदुकीऐवजी कॅमेरा उचलला. पाय बिनआवाजी, पण कॅमेराच घरघरायचा. मग पठ्ठ्याने ओढ्यावर छोटे बांध घातले आणि पडत्या पाण्याच्या आवाजाआड वाघांचं चित्रीकरण केलं.