कल्याणच्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळेंचं नाव

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे तुकाराम ओंबळे यांचं गाव. लष्कराच्या सिग्नल कोअरमधली नोकरी संपवून १९९१ मध्ये ते मुंबई पोलिसात भरती झाले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहाय्यक फौजदार ओंबळेंच्या हातात फक्त लाठी होती. अडवलेल्या गाडीतल्या कसाबच्या रायफलची नळी त्यांनी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला जेरबंद केलं. दहा हल्लेखोरांपैकी तो एकटाच जिवंत सापडला. त्यामुळेच कटाचे धागे पाकिस्तानपर्यंत जोडता आले. २००९ मध्ये ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

२०२१ मध्ये संशोधकांनी उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या. एक मुंबईच्या आरेतली, दुसरी कल्याणची. कल्याणच्या जातीचं नाव ठेवलं ‘आयसियस तुकारामी’. हे कोळी जाळं लावून वाट बघत बसत नाहीत, सावजावर थेट झेप घेतात. यापुढे जगात कुठंही या जातीवर लिहायचं झालं, तर केडंब्याच्या तुकारामांचं नाव घ्यावंच लागणार.