कर्नल साइक्स

बोरीवलीजवळील कान्हेरीची लेणी ज्या काळ्या खडकात कोरली आहेत, तो खडक ज्वालामुखीपासून झालेला आहे. दख्खनच्या अशा खडकांचा आरंभीच अभ्यास करणाऱ्यांत विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांची गणना होते. कोवळ्या वयात ते कंपनीच्या फौजेत शिरले आणि खडकी व पुण्याच्या लढायांत पेशव्यांविरुद्ध लढले. १८२४ साली ते विवाहबद्ध झाले. त्याच वर्षी सरकारने त्यांस मुलखाची माहिती गोळा करण्यास नेमले. वायुभारमापकाने डोंगरांची उंची मोजीत ते गावोगाव हिंडले. १८२९ साली सरकारने ते पद मोडले. तरी त्यांनी हाती घेतलेले काम अर्धवट टाकले नाही, १८३१ मध्ये ते पुरे केले. पायऱ्यांसारख्या खडकांच्या थरांचे वर्णन त्यांनी १८३६ साली प्रसिद्ध केले. मुलांनो, जी भूमी त्यांनी शस्त्राने जिंकली, तिच्यापुढे ते पुढे विद्यार्थी होऊन बसले!