मरायला टेकलेल्या पेशंटना मैदानात उतरवणारा डॉक्टर

१९१७ साल. जर्मनीच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात, कोनिग्सह्युटेच्या हॉस्पिटलमध्ये मणका मोडलेला एक खाणकामगार आणला गेला. कमरेखालचं शरीर लुळं. तिथे मदतनीस असलेला जेमतेम १८ वर्षांचा पोरगा त्याची नोंद लिहायला बसला, तर फार लिहीत बसू नकोस, हा थोड्याच आठवड्यांचा सोबती आहे, असं त्याला सांगण्यात आलं. पाच आठवड्यांत तो कामगार गेला.

तो पोरगा म्हणजे लुडविग गुटमन. पुढे ते ब्रेस्लाऊमध्ये नामांकित न्यूरोलॉजिस्ट झाले. पण ते ज्यू होते. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना फक्त ज्यू हॉस्पिटलमध्येच काम करता येऊ लागलं. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा दारात येईल त्याला दाखल करून घ्या, असा हुकूम त्यांनी सोडला. सकाळी गेस्टापो जाब विचारायला हजर. गुटमन त्यांना खाटेखाटेपाशी घेऊन गेले आणि प्रत्येकाला कुठला ना कुठला आजार चिकटवला. ६४ पैकी ६० जण वाचले. चार महिन्यांनी बायको आणि दोन मुलांसह त्यांनी इंग्लंड गाठलं.

१ फेब्रुवारी १९४४ ला स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी खास विभाग सुरू झाला. प्रमुख गुटमन.

असे पेशंट मरायचे कशाने? कणा मोडल्यामुळे नव्हे. खालच्या अंगाला संवेदना नसते, त्यामुळे एकाच कुशीवर पडून राहिल्याचं कळत नाही. कातडी सडते, जखमा होतात. लघवी तुंबून संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. हे टाळता येण्यासारखं होतं, पण यांचं काही होणार नाही हे आधीच ठरलेलं असल्याने टाळायला कुणी जात नव्हतं. गुटमन यांनी प्लॅस्टरचे साचे काढून टाकले. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, रात्री सुद्धा. ते होतंय का, हे बघायला ते स्वतः अवेळी वॉर्डात टपकत. औषधापेक्षा हा जाच जास्त उपयोगी पडला असं म्हणायला हरकत नाही.

जीव वाचला, पण पुढे काय? पंचविशीतली पोरं दिवसभर छताकडे बघत पडायची. मग सुतारकाम, घड्याळदुरुस्ती सुरू झाली, आणि खेळ. चाकाच्या खुर्चीवरून पोलो, बास्केटबॉल, तिरंदाजी. खेळ हा इथे विरंगुळा नव्हता, उपचाराचाच भाग होता. दंड आणि खांदे बळकट झाले की माणूस स्वतः खुर्चीत बसू शकतो. बरं झालेल्याने नोकरी करून कर भरावा, ही गुटमन यांची अपेक्षा.

२९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं. त्याच दिवशी हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा झाली. त्यात दोन महिला होत्या. १९५२ मध्ये नेदरलँड्सचे खेळाडू आले. १९६० मध्ये रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू उतरले. तेच पहिलं पॅरालिम्पिक.

१९७२ च्या हायडेलबर्ग स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक पटकावलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आलं होतं. गुटमन तेव्हा हयात होते. १८ मार्च १९८० ला ते गेले.