मुलांची मने जिंकणारे धर्मगुरू : डॉन बॉस्को

८ डिसेंबर १८४१. आजच्या इटलीतील तुरीन शहरात, असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या चर्चमध्ये एक तरुण धर्मगुरू मिस्सा अर्पण करण्याची तयारी करीत होते. वेदीमागच्या खोलीत सोळा वर्षांचा एक मुलगा येऊन बावरल्यासारखा उभा राहिला. चर्चच्या सेवकाने त्याला मिस्सेत मदत करायला सांगितले. मुलाला ते येत नव्हते. सेवकाचा राग अनावर झाला आणि हातातल्या काठीने मारत त्याने मुलाला बाहेर पिटाळले.

धर्मगुरूंनी हे पाहिले. हा मुलगा माझा मित्र आहे, त्याला परत बोलावून आणा, असे त्यांनी सेवकाला बजावले. वास्तविक त्यांनी त्या मुलाला पूर्वी कधी पाहिलेही नव्हते. मुलगा थरथरत परत आला. मिस्सा झाल्यावर दोघे बोलत बसले. मुलाचे नाव बार्थोलोम्यू गरेली. आई नाही, वडील नाहीत. गवंड्याच्या हाताखाली काम करून तो पोट भरत होता. लिहिता-वाचता येत नव्हते. लहान मुलांच्या बरोबर धर्मशिक्षणाला बसायची त्याला लाज वाटे. धर्मगुरूंनी विचारले, गाता येते का? नाही. मग निदान शीळ तरी घालता येते का? हे ऐकून मुलगा खुदकन हसला. त्या एका हसण्याने दोघांमधले अंतर मिटले. त्या दिवशी त्यांनी त्याला क्रुसाची खूण करायला शिकवले. पुढच्या रविवारी तो आपल्या मित्रांना घेऊन आला.

या धर्मगुरूंचे नाव जॉन बॉस्को. इटलीत धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणतात, म्हणून जग त्यांना डॉन बॉस्को या नावाने ओळखते. ज्या मुलाला काठीने देवाच्या दारातून हाकलले, त्याला मैत्रीने परत आणणे, हेच पुढे त्यांचे जीवनकार्य ठरले.

जॉन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी पिडमाँट प्रांतातील बेक्की या लहानशा वाडीत एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील वारले. त्याच सुमारास दुष्काळ पडला. आई मार्गारिता यांनी सावत्र मुलगा अंतोनियो आणि स्वतःचे दोन मुलगे यांना कष्टाने वाढवले. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण प्रार्थना तोंडपाठ होत्या आणि श्रद्धा अढळ होती. सुगीचे दाणे असोत की रात्रीचे चांदणे, प्रत्येक गोष्टीत त्या मुलांना देवाचा हात दाखवीत. जॉन यांचे पहिले धर्मशिक्षण आईच्या मांडीवर झाले.

नऊ वर्षांचे असताना त्यांना एक स्वप्न पडले. एका मैदानात मुले भांडत होती, शिव्या देत होती. जॉन त्यांच्यावर धावून गेले आणि ठोसे मारू लागले. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्यांना थांबवले आणि समजावले की ही मुले मारून नव्हे, तर सौम्यपणाने आणि प्रेमाने जिंकायची आहेत. मग एक मातृस्वरूप स्त्री दिसली. मुलांच्या जागी हिंस्र पशू दिसू लागले आणि पाहता पाहता त्यांची कोकरे झाली. या स्वप्नाचा पूर्ण अर्थ उमगायला त्यांना सारे आयुष्य लागले.

लहानपणीच त्यांनी आपल्या पद्धतीने काम सुरू केले. जत्रेतल्या खेळवाल्यांचे निरीक्षण करून ते दोरीवर चालायला, हातचलाखीचे प्रयोग करायला शिकले. रविवारी गावकऱ्यांना जमवून ते खेळ दाखवीत. मात्र मध्ये सर्वांनी मिळून प्रार्थना करायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेला उपदेश त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायचा, अशी अट असे. तिकिटाचे पैसे हेच!

शिक्षणाची वाट सोपी नव्हती. जॉन यांनी पुस्तके सोडून शेतात राबावे असे अंतोनियोला वाटे. घरातला कलह वाढू नये म्हणून आईने काळजावर दगड ठेवून या कोवळ्या मुलाला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. पुढे फादर कालोस्सो या वृद्ध धर्मगुरूंनी त्यांना शिकवायला घेतले, पण वर्षभरातच त्यांचे निधन झाले. कियेरी गावातील शाळेत शिकताना जॉन यांनी शिंपीकाम, सुतारकाम, उपाहारगृहातील नोकरी असे मिळेल ते काम केले. तेथेच त्यांनी सोबत्यांचे एक आनंदमंडळ स्थापन केले. त्याचे नियम थोडके होते. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही बोलायचे-करायचे नाही, आपली कर्तव्ये नीट करायची आणि सदैव आनंदी राहायचे.

त्या काळातील एक सल त्यांच्या मनात कायम राहिली. रस्त्यात धर्मगुरू दिसले की ते अदबीने नमस्कार करीत. धर्मगुरू नमस्कार स्वीकारून गंभीरपणे पुढे निघून जात. मुलाशी दोन शब्द बोलायला कोणी थांबत नसे. आपण धर्मगुरू झालो तर मुलांच्या जवळ जाऊ, असे त्यांनी तेव्हाच ठरवले. ५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि सहाच महिन्यांनी गरेलीची भेट झाली.

तुरीन तेव्हा झपाट्याने वाढत होते. खेड्यापाड्यांतून मुले कामाच्या शोधात येत आणि बांधकामावर, कारखान्यात, धुराडी साफ करण्याच्या कामावर राबत. रात्री मिळेल त्या कोपऱ्यात झोपत. त्यांचे मार्गदर्शक फादर जोसेफ कफासो त्यांना शहरातील तुरुंगांत घेऊन गेले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, बुद्धिमान मुले तेथे किड्या-मुंग्यांसारखी पडलेली पाहून त्यांच्या अंगावर काटा आला. सुटलेली मुले पुन्हा पुन्हा तुरुंगात येत, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणीच नव्हते. बाहेर एखादा मित्र असता, सणावारी त्यांची चौकशी करणारा, धर्माचे दोन शब्द सांगणारा कोणी असता, तर ही मुले येथे आली असती का, हा प्रश्न त्यांना झोपू देईना.

यातूनच त्यांची ऑरेटरी उभी राहिली. ऑरेटरी म्हणजे प्रार्थनेची जागा. पण डॉन बॉस्को यांची ऑरेटरी एकाच वेळी चर्च, शाळा, घर आणि क्रीडांगण होती. रविवारी सकाळी पापनिवेदन आणि मिस्सा, नंतर बायबलमधील एखादी गोष्ट, मग मनसोक्त खेळ, दुपारी धर्मशिक्षण, शेवटी गाणी गात फेरफटका. ते स्वतः झगा सावरून मुलांबरोबर धावत. खेळताना एखाद्याला बाजूला घेऊन कानात एक वाक्य सांगत. तेवढेच त्या मुलाला आठवडाभर पुरे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी रविवारचे व रात्रीचे वर्ग सुरू केले. देशात दशमान मापनपद्धती येणार म्हणून मजूर मुलांना फसवले जाऊ नये, यासाठी त्यांनी त्यावर सोपे पुस्तकही लिहिले. आत्म्याची काळजी घेणाऱ्याने भाकरीचा हिशोबही शिकवला पाहिजे, हे त्यांना कळले होते.

पण शेकडो मुलांचा हा गलका कोणाला नको होता. एका जागेतून दुसऱ्या जागेत, कधी दफनभूमीजवळच्या चर्चमध्ये, कधी उघड्या माळावर, असे त्यांना हाकलले जात होते. माळाच्या मालकानेही गवत तुडवले जाते म्हणून जागा सोडायला सांगितले. काही धर्मगुरूंना तर त्यांचे डोके फिरले आहे असे वाटू लागले. दोघे जण त्यांना गाडीत बसवून वेड्यांच्या इस्पितळात न्यायला आले. डॉन बॉस्को यांनी अत्यंत नम्रपणे आधी त्या दोघांना गाडीत चढू दिले, दार लावले आणि गाडी इस्पितळाकडे पिटाळली!

शेवटी १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाच्या एका बुटक्या शेडमध्ये त्यांना हक्काची जागा मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये अतिश्रमाने ते मरणाच्या दारात पोहोचले. बांधकामावर उन्हात राबणाऱ्या मुलांनी त्यांच्यासाठी उपवास केले, रात्र रात्र प्रार्थना केली. ते बरे झाले तेव्हा आपले उरलेले आयुष्य या मुलांचेच आहे, असे त्यांनी मानले.

नोव्हेंबरमध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या आई मार्गारिता गावचे घर सोडून, मुलाबरोबर पायी चालत तुरीनला आल्या. लग्नातली वस्त्रे आणि दागिना त्यांनी मुलांसाठी खर्ची घातला. आरंभीचे अनुभव कडवट होते. आसरा दिलेली काही मुले पांघरुणे घेऊन पळाली. तरीही मे १८४७ मध्ये पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दारात आला, तेव्हा आईने त्याच्यासाठी स्वयंपाकघरात अंथरूण घातले. काही वर्षांनी मुलांनी तुडवलेला भाजीचा वाफा, फाटलेले कपडे आणि हरवलेली भांडी पाहून त्या थकल्या व गावी परत जाण्याची भाषा करू लागल्या. मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवले. आईचे डोळे भरून आले आणि त्या परत कामाला लागल्या. १८५६ मध्ये निधन होईपर्यंत त्या शेकडो मुलांच्या आई होऊन राहिल्या.

डॉन बॉस्को यांनी मुलांच्या मालकांशी लेखी करार केले. मुलाला मारायचे नाही, घरगडी म्हणून राबवायचे नाही, रविवारी सुट्टी द्यायची, अशा अटी त्यांत असत. पुढे त्यांनी चांभारकाम, शिंपीकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई यांच्या कार्यशाळा स्वतःच सुरू केल्या.

मुलांची श्रद्धा कशी वाढते, हे त्यांनी प्रत्येकाचा स्वभाव पाहून जाणले. डॉमनिक साव्हियो हा मुलगा संत होण्याच्या ध्यासाने कठोर व्रते करू लागला, तोंड पाडून बसू लागला. डॉन बॉस्को यांनी त्याला थांबवले. आनंदी राहा, अभ्यास व प्रार्थना नीट कर आणि सोबत्यांना मदत कर, हाच संतपणाचा मार्ग आहे, असे समजावले. डॉमनिकने मित्रांचे एक मंडळ काढले. नवी आलेली आणि एकटी पडलेली मुले सांभाळण्याचे काम ते करू लागले. १८५७ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी तो गेला. पुढे चर्चने त्याला संतपद दिले.

मायकेल मगोने याची गोष्ट उलट होती. कार्माञोला रेल्वे स्थानकावर उनाड पोरांची टोळी घेऊन फिरणारा हा वडील नसलेला मुलगा. ऑरेटरीत आल्यावर काही दिवसांनी तो अचानक उदास झाला. इतर मुलांचे निर्मळ मन पाहून त्याला स्वतःच्या जुन्या वागण्याचे ओझे वाटू लागले होते. डॉन बॉस्को यांनी त्याला घाई केली नाही, धाकही दाखवला नाही. त्याने आपणहून पापनिवेदन केले आणि त्याचे हसू परत आले. एकाला कठोरपणापासून सोडवले, दुसऱ्याला अपराधाच्या भारापासून. औषध मात्र एकच होते.

१८५४ मध्ये तुरीनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. लोक आजाऱ्यांच्या जवळ जाईनात. तेव्हा ऑरेटरीतील मोठी मुले सेवेला पुढे आली. ज्यांना कालपर्यंत शहर उपद्रवी समजत होते, त्यांनीच आजाऱ्यांना उचलले, धुतले, पाणी पाजले. त्यांच्यापैकी एकालाही रोगाची बाधा झाली नाही. घेणारे हात देणारे झाले, तेव्हाच त्यांची श्रद्धा वयात आली.

१८ डिसेंबर १८५९ रोजी त्यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांसह सालेशियन संस्थेची स्थापना केली. त्यांतील अनेक जण त्यांच्याच हाताखाली वाढलेले होते. सौम्यपणासाठी प्रसिद्ध असलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव त्यांनी संस्थेला दिले. १८७२ मध्ये मारिया मझारेल्लो यांच्या साथीने मुलींसाठी धर्मभगिनींची संस्था निघाली. १८७५ मध्ये पहिली तुकडी अर्जेंटिनाला गेली.

आपल्या पद्धतीचे त्यांनी तीन आधार सांगितले : विवेक, धर्म आणि माया. चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा, चूक होऊ नये म्हणून मुलांसोबत राहणे त्यांना महत्त्वाचे वाटे. १८८४ मध्ये रोमहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी सहकाऱ्यांना कळकळीने सांगितले की मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही. आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना जाणवले पाहिजे. शिक्षक खेळाच्या मैदानावरून निघून गेले की मुलांच्या मनातूनही निघून जातात, ही त्यांची व्यथा होती.

३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे तुरीनमध्ये त्यांनी देह ठेवला. १९३४ मध्ये ईस्टरच्या दिवशी त्यांना संतपद मिळाले. त्यांचे अनुयायी १९०६ मध्ये भारतात, तंजावरला आले. आज मुंबईत माटुंग्याला त्यांच्या नावाची शाळा आहे, गोव्यातही त्यांचे काम चालते.

आज आपल्या घरातील, प्रार्थनास्थळातील किशोरवयीन मुले दूर जाताना दिसली की आपण काळाला दोष देतो. डॉन बॉस्को यांचे जीवन आपल्याला वेगळा प्रश्न विचारते. मुलगा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याला काय येत नाही हे आपण पाहिले, की त्याला शीळ घालता येते का हे विचारले? उपदेशाला वेळ देणारे पुष्कळ आहेत. मुलांच्या खेळात, कामात, दुःखात वेळ देणारे थोडे. आपल्या ओळखीच्या एका मुलापासून आपण आजच सुरुवात करू शकतो. तुरीनमध्येही सुरुवात एकाच मुलापासून झाली होती.