अमेलियाचे अखेरचे उड्डाण

प्रशांत महासागराच्या मध्यभागी हाउलंड नावाचे एक बेट आहे. त्याची लांबी दीड मैल, रुंदी जेमतेम अर्धा मैल आणि उंची सुमारे वीस फूट. आकाशातून पाहणाऱ्यास ढगाची सावली कोणती आणि बेट कोणते, हे ओळखणेही कठीण! २ जुलै १९३७ रोजी सकाळी या बेटावर एका विमानाची वाट पाहिली जात होती. ते विमान अमेलिया एअरहार्ट हिचे होते. ते आलेच नाही.

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात अ‍ॅचिसन या गावी झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षी ती प्रथम विमानात बसली. ती फेरी अवघ्या दहा मिनिटांची होती. परंतु तेवढ्यात तिचा निश्चय झाला. नेटा स्नूक या स्त्री-वैमानिकाकडे तिने उड्डाणाचे धडे घेतले आणि पुढे एक लहानसे पिवळे विमान विकत घेतले. १९२८ साली विमानाने अटलांटिक महासागर ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. तिचा मोठा गौरव झाला. पण त्या विमानात ती केवळ प्रवासी होती, ही गोष्ट तिच्या मनाला डाचत राहिली. म्हणून मे १९३२ मध्ये ती न्यूफाउंडलंडहून एकटीच निघाली. वाटेत विमानावर बर्फ साचले, उंची दाखवणारे यंत्र बंद पडले. तरी सुमारे पंधरा तासांनी ती आयर्लंडमधील एका कुरणात सुखरूप उतरली.

पुढे तिने विषुववृत्ताच्या जवळून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा संकल्प सोडला. मार्च १९३७ मधील पहिला प्रयत्न होनोलुलू येथे विमानास अपघात होऊन फसला. तेव्हा विमान दुरुस्त करवून १ जून रोजी ती मायामीहून पूर्वेकडे निघाली. सूर्य व तारे पाहून विमानाचे स्थान काढण्यात निष्णात असलेला फ्रेड नूनन तिच्यासोबत होता. दक्षिण अमेरिका व आफ्रिका ओलांडून ती कराचीस आणि तेथून कलकत्त्यास आली. ते पावसाचे दिवस होते. ब्रह्मदेशातील अक्याबहून पुढे निघालेले तिचे विमान मुसळधार वृष्टीमुळे माघारी वळवावे लागले. अखेर न्यू गिनीमधील लाए येथे ती पोहोचली, तेव्हा बावीस हजार मैलांचा प्रवास झाला होता. सात हजार मैल उरले होते.

लाएपासून हाउलंड अडीच हजार मैलांवर आहे. २ जुलैच्या सकाळी दहा वाजता तिने उड्डाण केले. रात्रभर विमान चालले. पण वाटेत वाररेषा ओलांडल्यामुळे हाउलंडवर उजाडले तेव्हाही तारीख दोनच होती. बेटाजवळ ‘इटास्का’ हे जहाज उभे होते. बिनतारी यंत्रावर अमेलियाचा आवाज इतका स्पष्ट येऊ लागला की, विमान अगदी जवळ असावे असे नाविकांस वाटले. मात्र त्यांचे बोलणे तिला ऐकू जात नव्हते. जहाजाचे संकेत एकदा तिला मिळाले, परंतु त्यांवरून दिशा काही कळेना. बेट दिसत नाही, इंधन संपत आले आहे, असे ती कळवीत होती. आठ वाजून त्रेचाळीस मिनिटांच्या सुमारास तिचा शेवटचा संदेश आला. एका ठरावीक रेषेवर आपण उत्तर-दक्षिण उडत आहोत, असा त्याचा आशय होता.

नौदलाची जहाजे व विमाने १९ जुलैपर्यंत समुद्र धुंडाळत होती. विमानाचा एक तुकडाही मिळाला नाही. १९३९ साली न्यायालयाने तिला मृत ठरवले.

तेव्हापासून तर्कांना ऊत आला. इंधन संपून विमान हाउलंडजवळच बुडाले, हा सर्वांत साधा तर्क; आणि तिच्या संदेशांशी तोच अधिक जुळतो. पण तेथे समुद्र तीन मैलांहून अधिक खोल आहे. २०२४ साली ध्वनिलहरींच्या साहाय्याने तळाशी विमानासारखी आकृती दिसली, तेव्हा जगभर खळबळ उडाली. पुढे तो खडक निघाला!

तिने सांगितलेली रेषा आग्नेयेस वाढवली, तर चारशे मैलांवरील गार्डनर बेटाजवळून जाते. त्याचे आजचे नाव निकुमारोरो. विमान तेथे उतरले असावे, असे काहींचे म्हणणे आहे. १९४० साली त्या बेटावर मानवी हाडे सापडली होती. फिजीमधील एका डॉक्टराने ती पुरुषाची ठरवली आणि नंतर ती हाडेच हरवली. उरली केवळ मापे. २०१८ साली एका शास्त्रज्ञाने ती मापे अमेलियाशी जुळतात असे दाखवले. पण सर्व तज्ज्ञांना ते पटलेले नाही.

तिसरी कथा सर्वांत रोमहर्षक आणि सर्वांत कच्ची. जपानच्या ताब्यातील मार्शल बेटांजवळ ती उतरली व कैदेत मरण पावली, अशी ती कथा. २०१७ साली तिच्या पुराव्यादाखल एक छायाचित्र पुढे आले. ते १९३५ सालच्या एका पुस्तकात छापलेले आहे, हे थोड्याच दिवसांत उघडकीस आले. म्हणजे अमेलिया नाहीशी होण्यापूर्वी दोन वर्षे!

हाउलंड बेटावर पुढे खलाशांना दिवसा दिसावा असा एक मनोरा उभारण्यात आला. त्यास अमेलियाचे नाव दिलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात तो मोडला, पुन्हा बांधला गेला. आता त्या बेटावर मनुष्यवस्ती नाही. समुद्रपक्षी तेवढे राहतात.